छत्री उतरवताना : उपग्रह इंटरनेटची सेवा बंद करण्याचा साडेचार महिन्यांचा हिशेब

वेळणेश्वरचे भाड्याचे घर सोडून आम्ही २४ मे २०२५ रोजी रत्नागिरीत नाचण्याला राहायला आलो. सामान एका दिवसात आले, गॅसची नोंद आठवड्याभरात बदलून झाली, वर्तमानपत्र तर दुसऱ्याच दिवशी दारात पडू लागले. मात्र जुन्या घराच्या परसात उभी असलेली उपग्रह इंटरनेटची छत्री उतरवून, तिच्याबरोबरची यंत्रे ज्या कंपनीची होती त्या कंपनीकडे पोहोचवून, अनामत रक्कम माझ्या खात्यात जमा व्हायला २२ ऑगस्ट उजाडला. सेवा बंद करण्याची लेखी सूचना मी ७ एप्रिलला दिली होती. हे परीक्षण त्या साडेचार महिन्यांचे आहे. सेवा चालू असताना ती कशी होती हे सांगणारे पुष्कळ जण भेटतात. ती सोडताना काय होते हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार अखेर मिटली आहे आणि मला प्रत्यक्ष भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाने आपापले काम नीटच केले. दोष कामाच्या वाटणीत होता, आणि तो कसा होता हे पुढे येईलच.

मी मुलांना ऑनलाइन संस्कृत शिकवते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, त्यानंतर आमच्या वाडीतला दूरध्वनीचा तारांचा मार्ग कधी चालू तर कधी बंद असा राहिला, मोबाइलची रेंज अंगणाच्या एका विशिष्ट कोपऱ्यात उभे राहिल्यावरच मिळे आणि फायबर येण्याची चिन्हे नव्हती. म्हणून त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आम्ही उपग्रहाची जोडणी घेतली. करार ३६ महिन्यांचा, मासिक आकार २,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून २,९५० रुपये, आणि १०,००० रुपये परत मिळणारी अनामत. यंत्रे विकत दिलेली नव्हती, वापरापुरती भाड्याने होती. ही ओळ करारात पहिल्याच पानावर होती आणि मी ती वाचलीही होती. तिचा अर्थ मात्र सोडतानाच कळला.

सेवेविषयी थोडक्यात सांगते. आमची जोडणी भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या, उपग्रहावरून होती. तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो, त्यामुळे आपण बोललेला शब्द वर जाऊन खाली येण्यातच पाव सेकंद जातो आणि समोरच्याचे उत्तर यायला आणखी तेवढाच वेळ लागतो. वेग कितीही चांगला असला तरी हा अर्धा सेकंद आणि वरचा थोडासा उशीर कोणतीही कंपनी काढून टाकू शकत नाही. गप्पांना त्याचा त्रास होत नाही, पण संथा देताना होतो. मी चरण म्हणायचा, मुलांनी तो माझ्यामागून म्हणायचा आणि त्यांचा आवाज संपता संपता मी पुढचा चरण उचलायचा, ही लय त्या विलंबात मोडते. पहिल्या महिन्याभरात मी माझी शिकवण्याची पद्धतच बदलली : चरणाऐवजी पूर्ण श्लोक, मग थांबणे, मग मुले. पावसाळ्यात जोराची सर आली की संदेशच पातळ होत असे, कारण या जोडणीच्या लहरींना पावसाचे थेंब अडवतात आणि कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरीही सर ओसरली की पाच-दहा मिनिटांत जोडणी आपोआप परत येत असे, आणि महावितरणची वीज गेलेली असताना साध्या इन्व्हर्टरवर ती तासन्‌तास चालत असे. साडेतीन वर्षांत माझे वर्ग बुडाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चालू सेवेला मी पाचपैकी साडेतीन देईन.

आता सोडण्याविषयी.

पहिला प्रश्न जोडणी सोबत नेण्याचा होता. कंपनीकडे स्थलांतराची सोय आहे, पण तिच्यासाठी नव्या जागेची पाहणी, स्वतंत्र आकार आणि करारात आणखी १२ महिन्यांची भर अशा तीन अटी होत्या. पुष्कळांना असे वाटते की दूरचित्रवाणीची छत्री जशी उचलून दुसऱ्या घराच्या गच्चीवर लावता येते तशीच हीही लावावी. तसे करता येत नाही आणि करूही नये. दूरचित्रवाणीची छत्री फक्त वरून आलेले झेलते. ही छत्री वर पाठवतेही. जी छत्री प्रक्षेपण करते तिची जागा कंपनीच्या नोंदीत असावी लागते, आणि ती अंशाअंशाने अचूक लावली नाही तर शेजारच्या उपग्रहावरच्या दुसऱ्या कोणाच्या तरी संदेशात ढवळाढवळ होते. आमच्याकडे ती दक्षिणेला तोंड करून क्षितिजापासून ७० अंशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ डोक्यावर रोखलेली होती. तेवढ्या उंच कोनामुळे डोंगराची अडचण आली नाही, माडांची आली. आमच्या कौलारू छपरावर ती बसवणे शक्य नव्हते, म्हणून परसात जांभ्या चिऱ्यांचा चौथरा बांधून, कुठल्याही माडाची झावळ मध्ये येणार नाही अशी जागा शोधण्यात पूर्ण दुपार गेली होती. नाचण्याच्या घरात फायबर आधीच आलेले होते, त्यामुळे स्थलांतराचा विचार तिथेच संपला.

दुसरा प्रश्न सूचनेच्या मुदतीचा. करारात ३० दिवसांची लेखी सूचना असे होते. घरमालकांना २५ मे रोजी किल्ली द्यायची होती, म्हणून मी ७ एप्रिलला, म्हणजे चांगले पंधरा-अठरा दिवस हाताशी ठेवून ईमेल केला. उत्तर चौथ्या दिवशी आले आणि त्यात असे म्हटले होते की सूचनेचे ३० दिवस ईमेलच्या तारखेपासून धरले जात नाहीत, तर पुढच्या बिलचक्राच्या पहिल्या दिवसापासून धरले जातात. म्हणजे माझी सूचना १ मेपासून लागू होऊन सेवा ३१ मे रोजी बंद होणार. करार पुन्हा उघडून पाहिला, तर अकराव्या पानावर हे वाक्य होते. त्यामुळे कायद्याने कंपनी बरोबर होती. पण एप्रिलच्या सातव्या दिवशी दिलेली सूचना मेच्या शेवटच्या दिवशी फळाला येते, याला मी ३० दिवसांची सूचना म्हणणार नाही. ती ५४ दिवसांची झाली. ज्यांना महिन्याच्या मध्ये घर सोडायचे आहे त्यांनी सूचना मागच्याच्याही मागच्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापूर्वी पोहोचेल अशी द्यावी आणि ती पोहोचल्याचे उत्तर मागून घ्यावे. तक्रार क्रमांकाला ही मंडळी तिकीट म्हणतात. तिकीट हाती आल्याशिवाय सूचना दिली गेली असे समजू नये.

इथून गाठ अधिक घट्ट होत गेली. करारानुसार छत्री ग्राहकाने स्वतः उतरवायची नाही, कंपनीचा माणूस ती उतरवणार. कंपनीचा माणूस सेवा बंद झाल्यावरच येणार. सेवा ३१ मे रोजी बंद होणार. आणि घराची किल्ली २५ मे रोजी दुसऱ्याच्या हाती जाणार. या चार वाक्यांतली पहिली तीन ग्राहक सेवेवरच्या तीन वेगवेगळ्या व्यक्तींनी मला अतिशय नम्रपणे सांगितली, आणि चारही वाक्ये एकत्र ठेवली तर काम होऊच शकत नाही हे माझ्याशिवाय कोणालाही दिसत नव्हते. शेवटी साताऱ्याकडची एक मुलगी फोनवर आली. तिने मराठीत ऐकून घेतले आणि सांगितले, “मॅडम, तुम्ही बंद करायची विनंती तशीच राहू द्या, वेगळं तिकीट काढा. कारण ‘घर रिकामं होत आहे’ असं लिहा, ‘सेवा बंद’ असं लिहू नका.” तसे केल्यावर दुसऱ्या दिवशी चिपळूणच्या एका तंत्रज्ञाचा फोन आला. तो कंपनीचा नोकर नव्हता, कंपनीच्या ठेकेदाराचा होता. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढची सगळी गुंतागुंत याच एका गोष्टीतून निघाली.

२०२५ साली पावसाने सगळ्यांचीच गाळण उडवली होती. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला, म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी आधी, आणि त्याच्या आधीचे चार-पाच दिवसही कोकणात पाऊस कोसळतच होता. तंत्रज्ञ २२ मे रोजी दुपारी रेनकोट घालून दुचाकीवरून आला. चौथऱ्यावर शेवाळ धरले होते. साडेतीन वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने बोल्ट गंजून एकजीव झाले होते. तो खाली बसून बराच वेळ पान्याने झटत होता, मग म्हणाला, “काकू, हे असे काय निघायचे नाय, तेल सोडूया आणि चहा घेऊया.” तेल सोडले, चहा झाला आणि तासाभराने बोल्ट सुटले, एक मात्र कापावा लागला.

त्याच्या कामाची पद्धत पाहण्यासारखी होती. त्याने आधी मोडेमच्या पडद्यावरची संदेशपातळी दाखवून माझ्याच फोनवर तिचा फोटो काढायला लावला, म्हणजे यंत्र उतरवताना चालू स्थितीत होते याचा पुरावा राहतो. मग मोडेमची वीज पूर्ण बंद केली. छत्रीपुढच्या दांड्यावर जो प्रक्षेपक असतो, ज्याला ही मंडळी ‘बक’ म्हणतात, त्याला वीज मोडेमकडूनच, त्याच केबलीतून जाते. चालू वीज असताना केबल उपसली तर ठिणगी पडून दोन्ही यंत्रे जाऊ शकतात. त्यानंतर जोडावर गुंडाळलेली काळी रबरी पट्टी त्याने सुरीने उभी चिरून काढली, आणि आतला जोड इतक्या पावसाळ्यांनंतरही कोरडा आणि चकचकीत निघाला. ज्याने तो बसवला होता त्या अनोळखी माणसाचे मला कौतुक वाटले. शेवटी त्याने पाच वस्तूंची यादी करून दिली : मोडेम, मोडेमचा अडॅप्टर, बक, छत्रीवरचा रिसीव्हर म्हणजे एलएनबी, आणि छत्री तिच्या पायासकट. प्रत्येकीपुढे सिरियल नंबर, ‘सुस्थितीत’ असा शेरा आणि त्याची सही. केबल कंपनीला नको असते. ती पागोळ्यांखालच्या भिंतीवरून काढली तर गिलाव्याचे पोपडे येतील म्हणून घरमालकांनी ती तशीच राहू द्यायला सांगितले.

हा तंत्रज्ञ यंत्रे उतरवतो, पण घेऊन जात नाही. त्याला ते काम दिलेलेच नाही. यंत्रे नेण्यासाठी कुरिअरचा माणूस येणार आणि त्यासाठी तिसरे तिकीट. कुरिअरला आमच्या पिनकोडवर घरून उचलण्याची सोय नव्हती. सर्वांत जवळचे ठिकाण म्हणून त्यांनी शृंगारतळीचे नाव दिले, तिथल्या माणसाने हे आपल्याकडे होत नाही असे सांगितले, आणि तोपर्यंत टेम्पो दारात उभा राहिला होता. तेव्हा पाचही वस्तू आमच्याच सामानात चढल्या. कपाटे, तुळशीचे वृंदावन, जात्याचे दगड आणि परक्याच्या मालकीची जवळजवळ मीटरभर रुंदीची छत्री असा तो टेम्पो तवसाळच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढला आणि जयगडला उतरला. खाडीत पाऊस लागला तेव्हा गादीवर ताडपत्री पुरेना; माझ्या नवऱ्याने छत्री पालथी करून उशांवर घातली. साडेतीन वर्षांत तिचा इतका थेट उपयोग कधी झाला नव्हता.

रत्नागिरीहून उचलण्याची सोय होती, पण पहिल्या दोन वेळा माणूस आला नाही आणि दोन्ही वेळा ‘ग्राहक घरी नाही’ असा संदेश मात्र आला. तिसऱ्या वेळी, १२ जूनला, दुचाकीवर एक मुलगा आला. खोके त्याने घेतले. छत्रीकडे बघून हसला आणि म्हणाला, “ताई, ही कशी नेऊ?” प्रश्न रास्त होता. त्याने पावती दिली, तिच्यावर ‘१ नग’ एवढेच लिहिलेले होते. आत काय आहे, किती आहे, कोणाचा सिरियल नंबर काय, यातले काहीही त्या पावतीवर नव्हते आणि ते लिहायला त्याच्या यंत्रात जागाही नव्हती. मी खोके भरताना प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर दिसेल असे चित्रीकरण केले होते आणि शेवटी चिकटपट्टी लावलेले बंद खोके त्याच चित्रफितीत दाखवले होते. तेव्हा तो मला अति काळजीचा प्रकार वाटला होता.

जुलैच्या ४ तारखेला भिवंडीच्या गोदामातून ईमेल आला. पाठवलेल्या वस्तूंपैकी बकाचा सिरियल नंबर तुमच्या नावावर दिलेल्या बकाशी जुळत नाही. सबब आमचा बक परत आलेला नाही असे धरून त्याची किंमत १४,००० रुपये अधिक जीएसटी, एकूण १६,५२० रुपये आकारण्यात येत आहे. अनामत वजा जाता ६,५२० रुपये सात दिवसांत भरावेत. दहा हजार मिळण्याची वाट पाहत असलेल्या माणसाने साडेसहा हजार भरायचे, ही कल्पना पचायला मला दोन दिवस लागले.

मग आठवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये परतीच्या पावसात आमच्या मागच्या माडावर वीज पडली होती. माड जळाला आणि बक गेला. त्या वेळी दुसऱ्याच एका तंत्रज्ञाने तिसऱ्या दिवशी येऊन नवा बक बसवला होता, जुना नेला होता आणि ठेकेदाराच्या छापील कागदावर हाताने लिहून एक अहवाल दिला होता : जुना नंबर, नवा नंबर, कारण ‘विजेमुळे बाद’, माझी सही, त्याची सही. कंपनीच्या नोंदीत तो बदल कधी चढलाच नव्हता. कंपनीच्या दृष्टीने २०२१ साली दिलेला बकच माझ्या परसात होता, आणि गेली जवळजवळ दोन वर्षे वर पाठवला जाणारा माझा प्रत्येक शब्द ज्या यंत्रातून जात होता त्याची कागदावर कुठेच नोंद नव्हती. आता नोंद नसलेले यंत्र जोडणीवर चाललेच कसे, असा प्रश्न मला पडला आणि मी तो विचारलाही. उत्तर असे मिळाले की जोडणी ओळखली जाते ती मोडेमच्या नंबरावरून; बक कोणता आहे याच्याशी चालू सेवेचा संबंध येत नाही. म्हणजे चालू असताना ज्याच्याशी संबंध नाही, त्याच्याशी बंद करताना साडेसोळा हजारांचा संबंध येतो.

तो हाताने लिहिलेला कागद मला सापडला, कारण माझ्या सासूबाईंना कोणताही कागद फेकवत नाही. वीजबिलांच्या पुडक्यात, २०२३ च्या दिवाळीच्या बिलाला टाचणी लावून त्यांनी तो ठेवला होता. त्याचा फोटो, २२ मेच्या यादीचा फोटो आणि चित्रफीत असे तिन्ही मी एकाच ईमेलात पाठवले, आणि तिन्हींवर नव्या बकाचा नंबर एकच आहे हे लाल गोल करून दाखवले. याला उत्तर आले नाही. पंधरा दिवस वाट पाहून २२ जुलैला मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. हे काही न्यायालय नव्हे. तिथून तक्रार कंपनीकडे पोहोचते आणि कंपनीने काय उत्तर दिले ते आपल्याला कळवले जाते, एवढेच. पण कंपनीच्या आत जो ईमेल कोणाच्याच टेबलावर नव्हता तो या मार्गाने कोणाच्या तरी टेबलावर गेला. नवव्या दिवशी तक्रार निवारण विभागाच्या एका गृहस्थांचा फोन आला, त्यांनी पाच मिनिटांत कागद पाहिले आणि मागणी रद्द केली. पाच मिनिटांचे काम होते हे त्यांनीच मान्य केले.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण मी तशी तयारी करून बसले होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही करता येते. कंपनीचे मुख्यालय दिल्लीला आहे म्हणून दिल्लीला जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही. व्यवसायासाठी घेतलेली सेवा या कायद्यात बसत नाही असे मला एकाने सांगितले, परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना कायद्याने त्यातून वगळले आहे, आणि घरी बसून शिकवणी घेणाऱ्या बाईच्या सेवेलाही तेच लागू व्हावे असे मी मांडणार होते. घरगुती खाणावळ किंवा पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. त्यांची जोडणी बहुधा व्यवसायाच्या नावाने असते आणि समोरचा पहिला मुद्दा तोच काढतो.

पैशांचा हिशेब सरळ झाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात बँकेच्या स्वयंचलित आदेशावरून त्यांनी एक महिन्याचा आकार पुन्हा वळता करून घेतला होता, तो २,९५० रुपये परत आला. तो आदेश मीच वेळेत रद्द करायला हवा होता. सेवा बंद झाली की तो आपोआप बंद होत नाही. अनामतीतून अडॅप्टरचे ५९० रुपये कापले, कारण त्याची वायर उंदराने कुरतडलेली होती आणि मी तिला चिकटपट्टी लावून पाठवली होती. तंत्रज्ञाने ‘सुस्थितीत’ असे लिहून माझ्यावर उपकार केले होते. गोदामाने खरे ते पाहिले. एकूण १२,३६० रुपये २२ ऑगस्टला जमा झाले.

सेवा बंद करण्याच्या व्यवस्थेला मी पाचपैकी दीड देते, आणि तो दीडही चिपळूणचा तंत्रज्ञ आणि साताऱ्याची मुलगी यांच्या नावावर. बसवणारा एका ठेकेदाराचा, दुरुस्त करणारा दुसऱ्याचा, उतरवणारा तिसरा, नेणारा कुरिअरचा, मोजणारा गोदामाचा आणि पैसे देणारा मुख्यालयातला. या सहा जणांत एकमेकांशी बोलणारे कोणी नाही. त्यांच्यामधून शेवटपर्यंत जाणारी एकच गोष्ट म्हणजे यंत्रावरचा सिरियल नंबर, आणि तो सांभाळण्याचे काम न सांगता ग्राहकावर टाकलेले आहे. शहरात हे निभते, कारण बिघाड झाला तर कंपनीचेच केंद्र जवळ असते. किनाऱ्यावरच्या वाडीत, जिथे विजेने, मिठाने आणि माकडांनी यंत्र तीन वर्षांत एकदा तरी बदलले जाणारच, तिथे बदलल्याच्या कागदाची नोंद त्याच दिवशी ईमेलने कंपनीला पाठवून तिकीट घेणे हाच मला दिसलेला एकमेव उपाय आहे. मी आता रत्नागिरीत फायबरवाल्याच्या पेटीचाही नंबर लिहून घेतला आहे, तो बिचारा गोंधळून गेला.

नव्याने जोडणी घेणाऱ्यांसाठी एवढेच. पृथ्वीपासून सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या सेवेची चर्चा आता आपल्याकडेही होते. उंची कमी म्हणून तिथे संथेची लय मोडणार नाही, आणि या कारणाने मला ती घ्यावीशीही वाटेल. पण वेग विचारण्याच्या आधी मी हे विचारेन की यंत्र विकत की भाड्याने, भाड्याने असेल तर परत नेणार कोण आणि आमच्या पिनकोडवरून नेणार का, बदललेल्या भागाची पावती कोणाच्या नावाने मिळते, आणि सूचनेचे दिवस कोणत्या तारखेपासून धरतात. विक्रेत्याला यांतल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल तर विकत घेण्याचा पर्याय महाग असला तरी तोच पाहावा.

छत्रीचे अजून राहिले आहे. पाच वस्तूंच्या यादीत ती आहे, १२ जूनच्या खोक्यात ती नव्हती, आणि तरीही अंतिम हिशेबात तिच्यापुढे ‘प्राप्त’ असे लिहिले आहे. मी ऑगस्टच्या अखेरीस लेखी कळवले की ती प्राप्त झालेली नाही, ती नाचण्याला आमच्या जिन्याखाली उभी आहे, ती न्यावी किंवा माझी झाली असे लिहून द्यावे. तिकीट मिळाले आहे.